नदीनचं छप्पर

नदीन त्या घरातून कधीच निघून गेली होती, पण लावॉनच्या हिशेबी ती तिथेच राहत होती. स्वयंपाकघरातल्या निळ्या फरश्या नदीनने निवडलेल्या. अंगणातली अझेलियाची झुडपं नदीनने लावलेली, आणि ती मेली दर मार्चमध्ये अशी फुलायची की येणारा-जाणारा गाडीचा वेग कमी करून बघायचा. दाराची घंटासुद्धा नदीनच्या पसंतीची. लग्नानंतर लावॉनने पडदे बदलले, पलंग बदलला, न्हाणीघराला नवा रंग दिला. पण घर म्हणजे काही चादर नव्हे, की काढली, झटकली आणि दुसरी घातली. नऊ वर्षं ती रॉइस टिडवेलची बायको होती, आणि नऊ वर्षं तिला वाटत होतं की आपण इथे पाहुण्या आहोत आणि यजमानीण जरा बाहेर गेली आहे.

बरं, बाहेर म्हणजे तरी कुठे? नदीनने गाव सोडलंच नव्हतं. फ्लोरिडाच्या त्या खाडीकाठच्या सीडर बायू गावात केस कापायचं एकुलतं एक दुकान नदीनचं. म्हणून लावॉन केस कापायला पूल ओलांडून दुसऱ्या गावी जायची, आणि तिथली पोरगी दरवेळी तिच्या केसांची वाट लावायची. चर्चमध्ये नदीन दोन रांगा पुढे बसायची. चर्चच्या जेवणाला दोघीही बटाट्याचं सॅलड न्यायच्या. नदीनचं भांडं चाटूनपुसून रिकामं व्हायचं आणि लावॉनचं अर्धं तसंच घरी यायचं. रॉइस ते दोन दिवस मुकाट्याने खायचा. चांगला नवरा होता बिचारा, पण मुकाट्याने खाणं आणि आवडीने खाणं यातला फरक बायकोला कळतो.

सगळ्यात वाईट म्हणजे, रॉइसचं आणि नदीनचं कधी भांडणच झालं नव्हतं. "आमचं आपलं संपलं," एवढंच तो सांगायचा. ताटं फुटली असती, वकिलांकरवी एकमेकांची धुणी धुतली असती, तर लावॉन सुखाने झोपली असती. भांडून तुटलेलं एकदाचं तुटतं तरी. हे दोघं रस्त्यात भेटले की एकमेकांना हात करायचे, आणि तो हात लावॉनच्या काळजात रुतायचा.

त्या सबंध घरात तिला परकं वाटत नव्हतं ते फक्त छप्पर. छपराला कोणाची आवडनिवड नसते. कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या राखाडी शिंगल्स, साधा उतार, सगळ्या गल्लीत असतं तसं. त्याच्याकडे बघून नदीन आठवावी असं त्यात काही नव्हतं.

मे महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं. छप्पर पंधरा वर्षांच्या आतलं आहे आणि धडधाकट आहे, याचा पुरावा द्या. न दिल्यास पुढे घराचा विमा मिळणार नाही. खाडीकाठी विमा नसलेलं घर म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टिडवेलांच्या घरावर बँकेचं कर्ज होतं. विमा गेला की बँक स्वतःच्या मर्जीचा असा काही महागडा विमा गळ्यात बांधते की माणूस घर विकून मोकळा होतो. दोघांच्या पेन्शनीत ते झेपणारं नव्हतं. लावॉनच्या तोंडचं पाणी पळालं. हे घर नदीनचं असेल नाहीतर भुतांचं असेल, पण तिला दुसरं नव्हतं.

"रॉइस, आपलं छप्पर किती वर्षांचं आहे रे?"

रॉइस उकडलेल्या शेंगा फोडत बसला होता. "असेल दहा-बारा वर्षांचं. का? चांगलं आहे की."

"काउंटीच्या कचेरीत फोन केला मी. त्यांच्याकडे शेवटचा परवाना सत्त्याण्णव सालचा आहे. त्यांच्या लेखी आपलं छप्पर म्हातारं झालंय."

रॉइसने कान खाजवला. "ते... परवाना काढला नव्हता गं."

"का?"

"कोण काढतं?"

तेही खरंच होतं. खाडीकाठी छप्पर असंच घालतात: घरात कोणीतरी कारागीर असतो, त्याचे चार मित्र असतात, मासे तळायची कढई असते आणि बर्फात बुडवलेली बिअर. शुक्रवारी जुनं उचकटायचं, रविवारी दुपारी नवं तयार. परवाना काढायचा म्हणजे कचेरीतला माणूस येऊन बघेपर्यंत उघड्या घरात बसून आकाशाकडे बघा. त्यामुळे परवाना काढणारा एक तर नवखा, नाहीतर भित्रा समजला जायचा. विमा कंपन्या अशा चिकित्सक होतील हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"आणि आपल्या घरातला कारागीर कोण होता म्हणे?" लावॉनने विचारलं. तिला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं. अशा वेळी माणूस स्वतःच्याच जखमेवर बोट ठेवून बघतो.

"स्कीटर," रॉइस म्हणाला आणि शेंगांत तोंड घातलं.

स्कीटर म्हणजे नदीनचा भाऊ. जन्मभर लोकांची छपरं घातली आणि दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. त्याच्या शवपेटीला रॉइसने खांदा दिला होता, आणि तो रडला होता. लावॉन मागच्या रांगेत बसून नीट बघत होती, की त्यातलं भावासाठी किती आणि बहिणीसाठी किती.

म्हणजे छप्परही नदीनचंच निघालं. उरलंसुरलं तेही गेलं. लावॉनने शेंगांचा वाडगा उचलून आत नेला, रॉइसच्या हातातली अर्धी शेंग हातातच राहिली.

"अगं, पुरावा आहे!" तो मागून ओरडला. "पोटमाळ्यात बघ. नवीन फळी ठोकली की कारागीर आतून तारीख टाकतात. धुराड्याच्या बाजूला कुठेतरी आहे. परवा विम्यासाठी छप्पर तपासणारा येतोय ना, त्याला दाखवू."

रॉइसच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, शिडी त्याला बंद होती. "मी बघून येते," लावॉन म्हणाली.

पोटमाळ्यात भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. बॅटरी हातात धरून ती उष्णता अडवायला पसरलेल्या गुलाबी कापसातून वाकत, रांगत धुराड्यापाशी पोचली. आणि दिसलं. जुन्या काळ्या वाशांवर ठोकलेली नवी प्लायवूडची फळी, तिच्यावर सुतारांच्या जाड लाल खडूने लिहिलेलं: नदीन आणि रॉइस यांचं छप्पर. जून २०१३.

तारीख होती. ठळक, स्वच्छ, हवी तशी. घर वाचलं होतं. कोणीही शहाणी बाई तिथेच देवाचे आभार मानून खाली उतरली असती. लावॉनच्या डोळ्यांना तारीख दिसत होती, पण ती वाचत होती नाव. आणि नदीनचं नाव आधी होतं! घर रॉइसच्या बापाचं, कर्ज रॉइसचं, आणि नाव आधी तिचं. जोडीला खाली बदामही काढलेला होता, वेडावाकडा. रोज रात्री आपण ज्या पलंगावर झोपतो, त्याच्या बरोबर वर हा बदाम आहे, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या अंगाचा असा भडका उडाला की पोटमाळ्याची गरमी त्यापुढे काहीच नाही.

परवा एक परका माणूस इथे येणार. याचा फोटो काढणार. तो फोटो कंपनीत जाणार, तिथे कोणी कारकून तो बघणार आणि कागदावर लिहिणार की हे घर नदीन आणि रॉइस यांचं आहे. आणि लावॉन टिडवेल कोण? तिच्या सहीने हप्ता जातो, ती कोण?

गराजमध्ये डागांवर मारायच्या पांढऱ्या प्रायमरचा स्प्रे होता. ती खाली गेली, तो घेतला, परत वर आली. अक्कलहुशारीने काम केलं. तारखेवर एक थेंब उडू दिला नाही. तिथे जुना टॉवेल धरला. नाव, दुसरं नाव, बदाम, सगळं पांढऱ्याखाली गेलं. फळीवर फक्त 'जून २०१३' उरलं. लावॉनने मागे सरकून बघितलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला त्या घरात काहीतरी आपल्या हाताने केल्यासारखं वाटलं. खाली येऊन तिने रॉइससाठी मुलेट मासा तळला, लिंबू पिळून दिला, गोड थंड चहाचा जग समोर ठेवला.

"आज काय विशेष?" रॉइस म्हणाला.

"तारीख सापडली," ती म्हणाली.

तपासणारा माणूस ठरल्या दिवशी सकाळीच आला. थर्मन बॉग्ज त्याचं नाव. उंच, सडपातळ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. आधी तो वर छपरावर चढला. चारी उतारांचे फोटो काढले, आढ्यावरून चालून बघितलं, धुराड्याभोवतीचा पत्रा हाताने दाबून पाहिला. लावॉन खाली अंगणात मान वर करून उभी. उतरला तेव्हा खुशीत होता.

"मॅडम, झकास छप्पर आहे. एक खिळा वर आलेला नाही. ज्याने घातलं त्याला सलाम. अजून दहा-बारा वर्षं याला मरण नाही. आता आतून एकदा बघतो, म्हणजे झालं."

तो पोटमाळ्यात गेला. लावॉन शिडीखाली उभी राहिली, रॉइस काठी टेकत तिच्या शेजारी. वर थर्मनच्या पावलांचा आवाज धुराड्यापर्यंत गेला आणि थांबला. बराच वेळ थांबला.

"मॅडम," वरून आवाज आला, "हे पांढरं कोणी मारलंय?"

लावॉनने रॉइसकडे न बघता शिडी धरली.

थर्मनचं डोकं झडपेतून बाहेर आलं. त्याच्या भुवयांना गुलाबी कापूस चिकटला होता, पण चेहऱ्यावरची खुशी गेली होती. "पोटमाळ्यात रंगकाम कोणी करत नाही मॅडम. मी आयुष्यभर छपरं बघतोय. फळीवर ताजा प्रायमर दिसला की त्याखाली पाण्याचा डाग असतो. आणि तो प्रायमर आदल्या आठवड्यातच मारलेला असतो. गळती आहे तुमच्याकडे?"

"गळती?" रॉइस म्हणाला. "थेंब नाही हो! ज्याने हे छप्पर घातलं..."

"मग हे काय आहे?"

"गळती नाही," लावॉन पुटपुटली.

"मग काय आहे मॅडम? मला लिहावं लागतं."

"नाव आहे."

"कोणाचं?"

लावॉनने भिंतीकडे बघत सांगितलं, "याच्या पहिल्या बायकोचं."

थर्मन शिडीवरच थांबला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रॉइसकडे, मग वर अंधारात. "माझ्या फॉर्मवर गळतीला रकाना आहे," तो शेवटी म्हणाला, "पहिल्या बायकोला नाही." आणि खाली उतरला.

त्याचाही नाइलाज होता. फळीचा फोटो त्याला द्यावाच लागणार होता, आणि त्या फोटोत पांढरा डाग दिसणारच होता. वर तारीख अशी उघडी ठेवलेली, भोवती ताजा रंग. कंपनीतला माणूस म्हणणार, डाग लपवला आणि तारीखही कालच लिहिली. "तुम्ही नुसतं नाव राहू दिलं असतं ना मॅडम, तर आज मी सही करून गेलो असतो. आता मला काम चालू असतानाचा फोटो हवा. तारखेसकट. फोनमधला चालेल. तोवर मी रिपोर्ट पाठवत नाही, शुक्रवारपर्यंत थांबतो." एवढं बोलून त्याने भुवईवरचा कापूस काढला आणि गेला.

दार लागल्यावर रॉइस म्हणाला, "लावॉन?"

"काय लावॉन लावॉन? बदाम काढतो वर, माझ्या डोक्यावर!"

"मी नाही काढला बदाम."

"नाव तर आहे ना तुझं! तिच्या नावामागे, शेपटासारखं!"

रॉइस खुर्चीत बसला. तो चिडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. तो नुसता गुडघा चोळत राहिला. "फोटो नदीनकडे असतील," तो म्हणाला. "तिला नाद होता फोटोंचा. मी जाऊन मागून आणतो."

लावॉनच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं: नदीनचं दुकान, लाल खुर्ची, तीत रॉइस आरामात बसलेला, नदीन वाकून फोनवर जुने फोटो दाखवतेय, दोघं एकेका फोटोवर हसतायत. हसता हसता नदीन म्हणणार, केस वाढलेत रे तुझे, बस, कापून देते. आणि हा बसणार!

"पाय धड नाही आणि निघाला! मी जाते."

"तू? नदीनकडे?"

"का? तिथे मला बंदी आहे?"

नवऱ्याला तिथे पाठवण्यापेक्षा स्वतःचं नाक कापून घेतलेलं तिला परवडलं असतं. आणि नेमकं तेच करायला ती निघाली.

दुकानात दोन बायका डोक्यावर गरम हवेची टोपरी घालून बसल्या होत्या. लावॉन आत आली तशी दोघींनी टोपरी मागे सारली. नदीन कोणाच्या तरी मानेवरचे केस झाडत होती. जाडजूड, लालबुंद, मोकळं हसणारी बाई. लावॉनला बघून तिने कात्री खाली ठेवली.

"अगं बाई, लावॉन! ये ये. बस. हे केस कोणी कापलेत तुझे? त्याच्यावर खटला भर!"

टोपरीवाल्या हसल्या. लावॉनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती गिळून बसली. घर, विमा, शुक्रवार, असं मनात घोकत तिने काय हवं ते सांगितलं. पांढऱ्या रंगाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

"एवढंच ना!" नदीन म्हणाली. "थांब, आहेत माझ्याकडे. स्कीटर दिसतो ना त्यात, मी कधी पुसले नाहीत." तिने फोन काढला आणि बोटाने वर्षं मागे सारत गेली. "हे बघ. हे जुनं उचकटताना. हा स्कीटर. हा मासे तळतोय तो... जाऊ दे, तू ओळखत नाहीस. आणि हे बघ, हे तुझ्या कामाचं."

लावॉनने फोन हातात घेतला. फोटो समोरच्या घराच्या छपरावरून काढलेला होता. टिडवेलांचं घर, शिंगल्स अजून लावायच्या होत्या, उतारावर नुसत्या कोऱ्या पिवळ्या फळ्या. आणि त्या सबंध उतारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाच्या उंचीची लाल अक्षरं: नदीन. शेवटच्या अक्षरापाशी हातात रंगाचा डबा घेऊन रॉइस उभा. केस काळे, छाती पुढे, तोंड उघडं. तो हसत होता. नऊ वर्षांत लावॉनने त्याला असं हसताना एकदाही बघितलं नव्हतं.

"वेडा होता," नदीन म्हणाली. "मी म्हटलं, अरे, उद्या यावर शिंगल्स बसणार, कोण बघणार आहे? तर म्हणतो, देव बघेल, आणि विमानातले लोक बघतील आजचा दिवस."

अजून ते तिथेच होतं. पोटमाळ्यातल्या नावावर स्प्रे मारता आला, हे शिंगल्सच्या खाली, डांबरी कागदाच्या खाली, फळीच्या वरच्या अंगाला. पुसायचं म्हणजे छप्परच उचकटायला हवं. आणि छप्पर झकास होतं. अजून दहा-बारा वर्षं त्याला मरण नव्हतं.

"पोटमाळ्यातलं बघितलंस का?" नदीनने विचारलं. "धुराड्यापाशी. ते स्कीटरने लिहिलंय. आम्हा दोघांच्या वतीने त्याने, बदाम वगैरे काढून. त्याचं अक्षर असं माझ्याकडे दुसरं कुठे नाही गं. एकदा येऊन फोटो काढू का? तू घरी असताना. पाच मिनिटं."

लावॉनला खोटं बोलता आलं असतं. पण त्या फोनमधल्या अक्षरांनी तिच्या अंगातला सगळा जोर काढून घेतला होता; खोटं बोलायलाही जोर लागतो.

"मी पुसलं," ती म्हणाली. "रंग मारला त्याच्यावर. तुझं नाव होतं म्हणून."

नदीनचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू गेलं. तिने टेबलावरची कात्री उचलली, परत ठेवली. टोपरीतली एक बाई "अरे देवा" असं म्हणाली.

"माझं अक्षर असतं तर मी काही बोलले नसते," नदीन म्हणाली. "त्याचं होतं."

"मला माहीत नव्हतं."

"नाहीच माहीत तुला." नदीनचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "आत्ता मनात आलं, की तुझंही नाव कुठूनतरी पुसून टाकावं. फिटंफाट. मग म्हटलं, पण रॉइसने ते लिहिलंय कुठे?"

लावॉन उठली, पर्स उचलली. घर गेलं, असंच तिला वाटलं. ती दारापर्यंत पोचली तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन टिंग करून वाजला. नदीनने फोटो पाठवला होता. एक नाही, सगळे. तारखेसकट.

लावॉनने आभार मानले नाहीत. गाडीत बसून तिने दातांवर दात दाबले. त्या बाईने फोटो अडवले असते, तर तिला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. तेवढंही तिने ठेवलं नाही.

फोटो थर्मनला पोचले. त्याने फोन करून सांगितलं, "मॅडम, याहून पक्का पुरावा मी जन्मात बघितला नाही. नाव, गाव, नवरा, सगळं एकात." जून संपायच्या आत कंपनीचा होकार आला. रॉइसने ते पत्र फ्रीजवर चिकटवलं, बायकोच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "जिंकलीस बघ तू." त्याने रंगाचा विषय परत काढला नाही. फोटोत तू असा कसा हसत होतास, हे तिनेही त्याला विचारलं नाही. रात्री ती उताणी झोपायची आणि छताकडे बघायची. छत, त्यावर कापूस, त्यावर फळी, त्यावर ती. मग कुशीवर वळायची.

ऑगस्टच्या शेवटी खाडीत वादळ उठलं. टीव्हीवरचा माणूस हात हलवून सांगत होता की ते सरळ आपल्याकडे येतंय, आणि भलं मोठं आहे. सगळं गाव खिडक्यांना फळ्या ठोकायला लागलं. शेजारचा पोरगा टिडवेलांच्या फळ्या बसवून द्यायला येणार होता. कुठली फळी कुठे लागते ते रॉइस अंगणात बसून प्रत्येकीवर रंगाने लिहीत होता. गल्लीत लोक फळ्यांवर काय काय लिहितात. कोणी वादळाला शिव्या, कोणी देवाचं नाव, कोणी नातवंडांची नावं. लावॉन शेजारी उभी राहून रंगाच्या स्प्रेचा डबा हलवून देत होती. सगळ्यात मोठी फळी आली, रस्त्याकडच्या खिडकीची. कोरी, पिवळी, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी. रॉइसने हात पुढे केला, लावॉनने त्यात डबा ठेवला, आणि तिचं काळीज सोळा वर्षांच्या पोरीसारखं धडधडायला लागलं.

रॉइसने लिहिलं: दिवाणखाना, पूर्व.

"वरची बाजू कुठली ते पण टाकतो," तो म्हणाला आणि एक बाण काढला.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला जमले. दोन रांगा पुढे नदीनची मान खाली होती. पाद्रीबाबा म्हणाले, देवा, हे संकट आमच्या घरांवरून परतव. आमची छपरं राख. सगळ्यांनी डोळे मिटले, लावॉननेही मिटले. ओठांनी ती सगळ्यांबरोबर तेच म्हणत होती. पण आत, कोणालाही ऐकू न जाणाऱ्या जागी, ती म्हणत होती: येऊ दे. सगळं गाव राख, माणसं राख, पण हे एक छप्पर ने. फळ्यांसकट ने. समुद्रात ने. आता विमा आहे.

स्वतःचीच तिला भीती वाटली. तिने डोळे उघडले. रॉइस शेजारी हात जोडून, गुडघा लांब करून बसला होता आणि मनापासून घर मागत होता. तिने डोळे परत मिटले आणि तेच मागितलं जे मघाशी मागितलं होतं.

शुक्रवारी पहाटे वादळाने तोंड फिरवलं. पश्चिमेला कुठेतरी, दुसऱ्या लोकांवर जाऊन आदळलं. सीडर बायूत नुसता वारा झाला. अझेलियाच्या दोन फांद्या मोडल्या आणि कोणाचं तरी पोस्टाचं डबडं उडालं. सकाळी रॉइस काठी टेकत अंगणात गेला, मान वर करून चारी उतार बघून आला. त्याचे डोळे पाणावले होते.

"एक शिंगल हललेली नाही," तो म्हणाला. "देवाची कृपा. आपलं छप्पर वाचलं गं."

"आमेन," लावॉन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हुंदके देऊन, तोंडाला फडकं लावून ती रडली. एवढी घाबरली होती बिचारी, असं रॉइसला वाटलं. तो बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तिने तो फिरवू दिला.